जावयाचा स्टँड

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (दोन्ही खांदे कालपासून वर होत नाहीत, त्यामुळे हात न जोडता केलेला आहे, तो गोड मानून घे.) विनंती विशेष अशी, की विनंती पत्राच्या अगदी शेवटी आहे. मधलं गाळून एकदम तिथं उडी मारू नकोस, कारण मधलं वाचल्याशिवाय तू हो म्हणणार नाहीस, आणि वाचल्यावर म्हणशीलच असंही नाही. तुझे गुडघे कसे आहेत? गच्चीवरच्या कुंड्या स्वतः उचलणं बंद केलंस की अजून हौस आहे? भाऊजींची तब्येत उत्तम असणारच. जो माणूस सकाळचा चहा घेऊन खिडकीपाशी खुर्चीत बसतो तो थेट जेवायलाच उठतो, त्याच्या तब्येतीला काय धाड भरलीय. (त्यांच्या खांद्यावर कबुतर येऊन बसलं होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता, ही तू सांगितलेली गोष्ट मी इथं सगळ्यांना सांगून पोटभर हसवलंय. यापुढे हसवणार नाही. का, ते कळेलच.)

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तू फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडतेस आणि शेजारच्या काकू मधेमधे 'अगंबाई' म्हणतात, आणि ही हकीकत अशी आहे की ती तुझ्याशिवाय कुणाच्या कानावर गेली तर माझं काही खरं नाही. विशेषतः तुझ्या लेकीच्या, म्हणजे आपल्या चिऊच्या कानावर जाता कामा नये. म्हणून हे पत्र. वाचून झालं की फाड. (तू फाडणार नाहीस, बिस्किटांच्या डब्यात ठेवशील, ते मला ठाऊक आहे. निदान तळाशी ठेव.)

तू नेहमी विचारतेस, की तुझं नक्की काम तरी काय रे, म्हणून पहिल्यापासून सांगतो. एका जुन्या बर्फाच्या कारखान्यात, जाड भिंतींच्या आड, सरकारी मदतीवर चालणारी आमची प्रयोगशाळा आहे. ती सामायिक आहे, म्हणजे ज्यांच्याकडे स्वतःची यंत्रं नाहीत अशा लांबलांबच्या लोकांनी आपापल्या जागी बसून इथला प्रयोग चालवायचा. ते तिकडून हुकूम पाठवतात, आणि इथं काचेच्या खोलीत रुळावर फिरणारा एक यांत्रिक हात ते पाळतो. त्याचं सरकारी नाव लांबलचक आहे. आम्ही त्याला जावई म्हणतो. कारण सगळं त्याच्या हाताशी लागतं, ठरलेल्या जागीच लागतं, आणि बोटभर जरी इकडचं तिकडे झालं तरी तो रुसून मधेच थांबतो, ते कुणीतरी समजूत काढेपर्यंत. ती समजूत काढणारा मी. माझा हुद्दा देखभालनीस. कारखान्याची जागा, वीज आणि थंड हवा, सगळंच सरकारच्या जिवावर चालतं, तेव्हा सरकारचा जावई हे नाव त्याला दोन्ही बाजूंनी शोभतं.

चिऊच्या कॉलेजात एक सूक्ष्मदर्शक आणि एक गळकं बेसिन यापलीकडे काही नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. डोळ्यांत घालायच्या त्या औषधाचं तिचं जे चाललंय (थंड कपाटाबाहेर ठेवलं की त्यात गाळ बसतो आणि ते फुकट जातं, म्हणून गाळ न धरणारं मिश्रण ती शोधतेय, जिथं वीजच नसते तिथल्या दवाखान्यांसाठी) ते सगळं या जावयाच्या हातून चाललंय. आमची प्रयोगशाळा बंद झाली तर तिला दुसरा हात नाही. आणि ती बंद व्हायची वेळ आली होती.

झालं असं, की सरकारी मदत पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरवायला एक समिती नेमली. अध्यक्षीणबाई म्हणजे शब्द मोजून टाकणाऱ्या, आवाज असा की आपण गृहपाठ केला नसल्याची खात्री पटावी. आणि त्यांच्याबरोबर एक सभासद, ज्यांना आमच्या साहेबांनी पहिल्याच बैठकीनंतर शंकासुर हे नाव दिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सगळं लांबून आणि आपोआप चालतं म्हणता, तर ते आपोआप चालवून दाखवा. एक पूर्ण प्रयोग पहिल्यापासून शेवटपर्यंत आम्ही आमच्या कचेरीतून बघणार, कळही आम्हीच दाबणार, आणि मधे माणसाचा हात लागला तर मदत बंद. दाखवायला प्रयोग निवडला तो कुणाचा? चिऊचा. ती बिचारी तिकडे कॉलेजच्या एका खोलीत कॅमेऱ्यासमोर बसणार, समिती राजधानीत बसणार, आणि इथं जावई एकटा नाचणार. मी तेव्हापासून नीट जेवलेलो नाही, ताई.

आता तुला जावयाच्या स्टँडबद्दल सांगितलं पाहिजे. जावई औषधाचे थेंब भरलेली प्लेट (चौकोनी, पातळ, खळगेच खळगे असलेली) एका छोट्या स्टँडवर ठेवतो, दुसरी कामं उरकतो, मग येऊन तिचा फोटो काढतो आणि उचलून पुढे नेतो. चिऊच्या प्रयोगात सगळी गंमत त्या स्टँडवरच आहे, कारण थंड कपाटाबाहेर प्लेट स्वस्थ पडून राहिली की गाळ बसतो की नाही, हेच तर बघायचं असतं. तर हा स्टँड पहिल्या दिवसापासून डुगडुगतो. नवा मागितला, आला नाही. मग मी त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली, आणि तेव्हापासून एवढं मोठं सरकारी विज्ञान त्या घडीवर सुखानं उभं होतं. (पुठ्ठा मोज्यांच्या खोक्याचा होता. चांगला होता.)

पाहणीच्या दिवशी सकाळी आमच्या साहेबांच्या अंगात स्वच्छता आली. एरवी हा माणूस टेबलावरची कपबशी उचलत नाही, पण त्या दिवशी स्वतः फडकं घेऊन काचेच्या खोलीत गेला, सगळं पुसलं, आणि पायाखालचा कचरा म्हणून ती घडी उचलून फेकून दिली. मला बाहेर येऊन अभिमानानं सांगितलं. समितीची वेळ व्हायला अवकाश होता. अंगात पांढरा डगला, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, हातात पांढरे मोजे असा सगळा जामानिमा करून मी नवी घडी घेऊन आत गेलो. स्टँड जरासा उचलला, तर त्याचा पायच निखळून माझ्या हातात आला. आणि नेमकं तेव्हाच, तिकडे राजधानीत चहा यायला उशीर होता म्हणून, अध्यक्षीणबाईंनी वेळ फुकट नको म्हणून कळ दाबली.

दार खटकन बंद झालं. काम सुरू झालं की ते आपोआप कुलूप लावतं, आणि उघडलं तर सगळं जागच्या जागी थांबतं. छताला एक यांत्रिक डोळा आहे. जावयाखेरीज काही हललं की तो जावयाला थांबवतो, माणसाला इजा होऊ नये म्हणून. नियम चांगलाच आहे, आणि तो मीच इथं येणाऱ्या प्रत्येकाला बोट नाचवून शिकवतो. म्हणजे मी हललो तर प्रयोग बंद, आणि प्रयोग बंद तर मदत बंद. न हललो, तर जावई प्लेट घेऊन येणार आणि जिथं स्टँड असायला हवा तिथं ती सोडणार, कारण खाली स्टँड आहे की नाही हे तो बघत नाही. त्याचा आपल्या लोकांवर पूर्ण विश्वास आहे.

तो थंड कपाटापाशी गेला, दार उघडलं, प्लेट काढली, थेंब सोडायला लागला. अगदी हळू सरकलेलं किंवा जागच्या जागी जरासं डुललेलं त्या डोळ्याला कळत नाही, हे मला हवेच्या झोतापुढच्या पट्टीवरून माहीत होतं. ती सारखी डुलत असते आणि तो काही म्हणत नाही. म्हणून मोडका स्टँड पायाशी ठेवत, इंच इंच करत मी गुडघ्यात वाकलो, आणि स्टँडच्या जागी, स्टँडच्या उंचीवर, दोन्ही तळवे वर करून धरले. जावई वळला. रुळावरून सरळ माझ्याकडे आला. लोखंडाचा एवढा मोठा हात नाकासमोर येऊन थांबतो तेव्हा माणसाला आपली सगळी अर्धवट कामं आठवतात. त्यानं प्लेट माझ्या तळव्यांवर ठेवली. मग ती नीट बसली का बघायला वरून एकदा दाबली. (हे तो नेहमी करतो. आजवर मला त्याचं कौतुक होतं.) आणि निघून गेला.

काचेपलीकडे साहेब उभे होते. त्यांचा रंग आमच्या भिंतींसारखा झाला होता. त्यांच्या हाताशी लाल बटण असतं, सगळं बंद करायचं, आणि त्यांचा हात तिकडे जाताना मला दिसला. माझी मान हलवायची सोय नव्हती. मी नुसते डोळे वटारले, आपली आई पाहुण्यांसमोर आपल्याकडे बघून वटारायची तसे. साहेबांचा हात थांबला. त्यांनाही आई असणारच.

समितीला दिसत होतं ते दोन कॅमेऱ्यांतून, एक भिंतीवरचा आणि एक जावयाच्या हातावरचा, फक्त प्लेटकडे बघणारा. भिंतीवरच्या कॅमेऱ्याआड मधलं कपाट येत होतं, त्यामुळे मी त्यांच्या दृष्टीनं फक्त दोन पांढरे हातमोजे होतो. खोलीतल्या स्पीकरवरून मला सगळं ऐकू येत होतं, उत्तर मात्र देता येत नव्हतं. आपल्या घरात भाऊजींचं इतकी वर्षं हेच चाललंय, हे मला तिथं पहिल्यांदा जाणवलं. थोड्या वेळानं शंकासुरांनी विचारलंच, की स्टँडला हातमोजे कशासाठी. साहेब म्हणाले, पकड घट्ट राहावी म्हणून. मग त्यांनी विचारलं, तो जरासा थरथरतोय का? साहेब म्हणाले, नाजूक रचना आहे. खरं म्हणजे मी चांगलाच थरथरत होतो. मांड्यांत गोळे आले होते, घाम टोपीतून निघून भुवईवर येऊन बसला होता, आणि त्या नव्या पुठ्ठ्याची धूळ नाकात जाऊन शिंक अशी दारात येऊन उभी राहिली होती की आता येते, मग येते. मी ती कशी परतवली ते विचारू नकोस. देवाचं नाव घेतलं, मग तुझं घेतलं, मग लहानपणी तू कपाटाच्या दारात माझी करंगळी चेमटवलीस ते आठवलं, आणि त्या रागात शिंक मागे गेली. (ती करंगळी अजून वाकडीच आहे, आणि तू अजून कबूल होत नाहीस.)

जावई यायचा, फोटो काढायचा, प्लेट न्यायचा, दुसरी आणून ठेवायचा, दाबायचा. दर फोटोच्या वेळी तिकडे चिऊ श्वास रोखून बसलीय हे मला कळायचं, कारण तिचा स्पीकर चालू होता आणि श्वास सोडल्याचा आवाज यायचा. एरवी काही मिश्रणांत तळाला ढगासारखा गाळ दिसतो. त्या दिवशी एकाही प्लेटमध्ये नाही. शेवटची प्लेट उचलली गेली, कुलूप सुटलं, आणि स्पीकरमधून चिऊच्या तोंडून 'झालं, झालं हो' असं आलं आणि मग ती रडायलाच लागली. मीही तिथं जमिनीवर बसून रडलो, पण माझ्या रडण्याचं निम्मं कारण मांड्या होत्या.

अध्यक्षीणबाई कधी कुणाचं कौतुक करत नाहीत म्हणे. त्यांनी केलं. स्टँडचं. म्हणाल्या, बाकीच्या ठिकाणी स्टँड फार डगमगतात, हा कुठून घेतलात? साहेब म्हणाले, इथंच आहे, जुना आहे, पण भरवशाचा. शंकासुरांनी विचारलं, त्याला देखभाल किती लागते? साहेब म्हणाले, काहीच नाही. (ताई, हे मला लागलं. निदान चहा तरी म्हणायचा होता.) असो. मदत चालू राहणार असं तोंडी सांगून समिती उठली. मोडका स्टँड मी त्याच संध्याकाळी पाय जोडून, पुठ्ठा घालून ठीक केला. चिऊचा आनंद तू ऐकलाच असशील. बाकी सर्व क्षेम. तुझ्या गुडघ्यांना तेल लाव, भाऊजींना नमस्कार सांग, आणि काळजी करू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. आता विनंती. उठता उठता अध्यक्षीणबाई एक वाक्य बोलल्या, ते वर लिहायचं धाडस झालं नाही. म्हणाल्या, येत्या गुरुवारी आम्ही स्वतः येऊन तो स्टँड चालताना बघणार, आणि तसेच इतर ठिकाणी बसवणार. आता मोजे घातलेला स्टँड मी कुठून आणू? आणि मी आत उभा राहिलो तर दारात त्यांचं स्वागत कोण करणार? साहेबांना करू दिलं तर ते सगळं ओकून टाकतील. तेव्हा मला असा माणूस हवा, जो हलत नाही, बोलत नाही, आणि कबुतर बसलं तरी दचकत नाही. तू समजलीस. भाऊजींना बुधवारपर्यंत पाठव. कशासाठी ते त्यांना सांगू नकोस, विचारणार नाहीतच.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घातलं होतं, ते फोडून लिहितोय. आत्ता चिऊचा फोन आला. म्हणाली, "मामा, स्टँडला करंगळी असते का?" मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणाली, प्रत्येक फोटोत प्लेटखाली उजवीकडे एक वाकडी करंगळी आहे, आणि ती मी लहानपणापासून धरून चाललेय. मग मी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे गाळ बसला नाही तो तुम्ही थरथरत होतात म्हणून. दवाखान्यातल्या फडताळात बाटलीला कोण हलवत बसणार आहे? मी म्हटलं, गप्प राहा बाई, मदत जाईल, प्रयोगशाळा बंद पडेल, तुझं सगळं काम पाण्यात जाईल, हे काय वेड घेतलंस. ती म्हणाली, "ते थेंब माझ्या डोळ्यांत जाणार नाहीयेत मामा. दुसऱ्या कुणाच्या तरी जाणार आहेत." आणि तिनं अध्यक्षीणबाईंना सगळं सांगायला फोन लावला. तुझी मुलगी आहे, ताई. मला तिचा राग आला आणि मग स्वतःची लाज वाटली, आणि आता नुसता बसलोय. भाऊजींना पाठवू नकोस. काही उपयोग नाही.

ता. क. तिसरा. पाठव.

पाकीट पुन्हा फोडलंय, म्हणून चिकटपट्टी. आज अध्यक्षीणबाईंचा फोन आला. आधी त्यांनी मला असं झापलं की शेजारी उभे असलेले साहेबही घाबरले. लोखंडी हाताखाली जाऊन उभं राहायला मी काय लहान आहे का, दाबताना मनगट मोडलं असतं तर घरच्यांना काय सांगायचं होतं. मी मान खाली घालून ऐकत होतो (फोनवरच, पण खाली). मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, आपला सगळ्यात चांगला निकाल जिनं स्वतःच्या हातानं पुसला, तिचा प्रयोग एकदा सरळपणे झालेला मला बघायचाय. तेव्हा गुरुवारी तोच प्रयोग पुन्हा, दुरुस्त स्टँडवर, त्यांच्या डोळ्यांदेखत. तो पुरा झाला तर मदत राहील. गाळ बसला तर बसला, म्हणाल्या, तोही निकालच आहे. मात्र एक अट घातली. यापुढे काम सुरू असताना दोन माणसं हवीत. एक मी, जो आत जाऊ शकतो, आणि दुसरा बाहेर काचेपाशी, लाल बटणावर हात ठेवून, जागचं न हलता, काचेवरची नजर न काढता बसून राहणारा. दुसरा माणूस नसेल तर कळ दाबायची नाही. जागा मंजूर आहे, माणूस नाही. साहेबांना बसवून बघितलं, चहा येताच उठले.

इतकी वर्षं मी त्या माणसाच्या बसण्याला हसलो, ताई. आता सगळं त्याच्यावर आलंय. एक जावई आत आहे, तो रुसला तर मी समजूत काढीन. बाहेर बसायला मला आपल्या घरचाच हवा. भाऊजी सहजासहजी उठणार नाहीत, हे मी जाणतो. त्यांना प्रयोगशाळा, समिती, सरकार यातलं काही सांगू नकोस. चिऊचं काम अडलंय, एवढंच सांग. मग उठतील. उठले की लगेच गाडीत बसव, पुन्हा खुर्चीकडे बघायच्या आत.